केवढो उजेड तो!

आमच्या गावच्या घरामागे चिऱ्याचा एक जुना गडगा आहे, कमरेएवढा, मधे मधे ढासळलेला. लहानपणी त्यावर बसलो की आजी ओरडायची, "इंचू आसतत थंय, उतर खाली." आम्ही काही उतरायचो नाही. इतक्या वर्षांत त्या गडग्यात मी दिवसाढवळ्या दोन नाहीतर तीन विंचू बघितले असतील, त्यामुळे आजी उगाच घाबरवते असं माझं ठाम मत होतं आणि ते मत मी चाळिशी उलटेपर्यंत छान सांभाळलं.

गेल्या मे महिन्यात ते गेलं. झालं असं की कामाचा यूव्ही, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, टॉर्च बॅगेत तसाच राहिला होता. आमच्याकडे हायड्रॉलिक ऑइलमध्ये एक डाय टाकतात आणि गळती शोधायला हा टॉर्च मारतात, जिथे तेल झिरपतंय तिथे पिवळट हिरवं चमकतं. ३६५ नॅनोमीटर लांबीच्या लाटेचा टॉर्च आहे, म्हणजे पेटवला तरी डोळ्याला फिकट जांभळट काहीतरी दिसतं, पेटलाय की सेल गेलेत अशी शंका यावी इतपतच. (म्हणून त्यात डोळे घालून बघायचं नाही बरं का, दिसत नसलं तरी डोळ्यात जायचं ते जातंच.) रात्री लाइट गेलेली, मुलगी कंटाळलेली, म्हटलं चल तुला गंमत दाखवतो, आणि गडग्यावर टॉर्च मारला.

अकरा. एका बाजूला, साधारण पंधरा पावलांत, अकरा विंचू. प्रत्येक जण निळसर हिरवा पेटलेला, देव्हाऱ्यातल्या रेडियमच्या गणपतीसारखा, नांगी, आकडे सगळं स्पष्ट. साधी बॅटरी मारली की चिरा आणि विंचू एकाच रंगाचे, काही म्हणजे काही दिसत नाही, आणि हा टॉर्च मारला की परत अकरा. मुलगी आनंदाने नाचत होती आणि मी लहानपणी त्या गडग्यावर कुठे कुठे बसलो होतो ते आठवत होतो. त्यातले चार तरी लाल विंचू होते, म्हणजे नुसता ठणका देऊन सोडणारे नव्हेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही ब्लड प्रेशरची गोळी विंचवाच्या विषावर वापरून दाखवली, त्याआधी कोकणात लाल विंचू चावलेला माणूस, त्यातून लहान मूल, सकाळ बघेल की नाही याची खात्री नसायची.

तर विंचू का चमकतो? त्याच्या कवचात अशी द्रव्यं असतात की ती अल्ट्राव्हायोलेट पितात आणि बदल्यात हिरवट उजेड सोडतात. कात टाकल्या टाकल्या मऊ असलेला विंचू चमकत नाही, कवच कडक होत जातं तसा चमकायला लागतो. स्वतः विंचवाला याचा काय उपयोग यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतं तो अख्ख्या अंगाने उजेड चाखतो आणि अजून अंधार पडला नाही, बाहेर पडू नको असं त्याला त्यातून कळतं. मला हे पटतं, पण ते काय, रात्री गडग्याजवळ उभं राहिल्यावर काहीही पटतं.

मला दुसरीच गोष्ट डोक्यात बसली. मुलगी म्हणाली, "बाबा, आता मला अल्ट्राव्हायोलेट दिसतंय!" आणि मी सवयीने चूक काढली, की नाही बाळा, तुला हिरवं दिसतंय, अल्ट्राव्हायोलेट विंचवाला मिळतंय आणि तो ते तुला हिरव्यात सांगतोय. दुभाषा आहे तो. एवढं बोलून मी खूश झालो, मग झोप येईना, कारण माझी सगळी नोकरीच असल्या एका दुभाष्याच्या जिवावर चालते.

मी कारखान्यांमधली इलेक्ट्रिकल पॅनल थर्मल कॅमेऱ्याने तपासतो. चाकण, भोसरी, रांजणगाव. पॅनल चालू असतानाच बघावं लागतं, लोड असेल तरच सैल जॉइंट गरम होतो. लग (वायरच्या टोकाचा, बोल्टने आवळायचा धातूचा तुकडा) नीट आवळला नसेल की तिथला रेझिस्टन्स वाढतो, वाढला की तापतो, तापला की अजून सैल होतो, आणि मग एक दिवस रात्रपाळीला धूर. हे सगळं व्हायच्या महिना दोन महिने आधी कॅमेऱ्यात तो बोल्ट पांढरापिवळा दिसतो, शेजारचे दोन जांभळे. लोकांना जादू वाटते. मलाही पहिलं वर्ष वाटायची.

या जादूचा मूळपुरुष विल्यम हर्शेल. जर्मनीतून इंग्लंडला आलेला, पेशाने वादक, आभाळाचं वेड इतकं की १७८१ मध्ये त्याला युरेनस सापडला. सूर्य बघताना तो दुर्बिणीला रंगीत काचा लावायचा आणि त्याला जाणवलं की काही काचांतून उजेड कमी येतो पण डोळ्याला चटका जास्त बसतो. आता तुम्ही आम्ही काच बदलली असती. त्याने १८०० साली प्रिझमने उजेडाचे रंग पसरले आणि काळे केलेले थर्मामीटर एकेका रंगात ठेवून बघितले. जांभळ्यात पारा दोन अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, लालमध्ये जवळजवळ सात. मग त्याने थर्मामीटर लालच्याही बाहेर सरकवला, जिथे टेबलावर काहीच नव्हतं, नुसतं टेबल, आणि तिथे पारा अजून वर गेला.

मला त्या माणसाचा हेवा वाटतो तो त्या क्षणासाठी. आणि गंमत म्हणजे पुढे त्यानेच ठरवून टाकलं की हे उष्णतेचे किरण (आज ज्यांना इन्फ्रारेड म्हणतात ते) आणि प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते एकच आहे हे लोकांना पटायला पुढची कितीतरी वर्षं गेली. पण पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीत येनाला योहान रिटर नावाच्या तरुणाने विचार केला की लालच्या पलीकडे काही आहे तर जांभळ्याच्या पलीकडे का नसावं, आणि सिल्व्हर क्लोराइडचा कागद तिथे धरला. तो कागद जांभळ्यापेक्षा त्याच्या बाहेरच्या अंधारात लवकर काळा पडला. तिकडे पारा, इकडे चांदीचं मीठ. स्वतःच्या डोळ्यांनी काहीच बघितलं नाही दोघांनीही.

आता माझा कॅमेरा. त्याच्या पुढची काच काच नसतेच, जर्मेनियम असतं, आपल्या डोळ्याला ती चकचकीत धातूची टिकली दिसते, आरपार काही दिसत नाही. आत ३२० गुणिले २४० ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एक इवलासा रेझिस्टर, त्यावर उष्णतेचे किरण पडले की तो किंचित तापतो आणि त्याचा रेझिस्टन्स बदलतो. म्हणजे काय तर थर्मामीटर. हर्शेलने टेबलावर मोजके ठेवले, माझ्या हातात ७६,८०० आहेत. दर थोड्या वेळाने आत टक् असा आवाज होतो, चित्र क्षणभर गोठतं, तेवढ्यात एक शटर मधे येऊन हे सगळे थर्मामीटर एका पातळीवर आणतं. नवीन माणूस या आवाजाला दचकतो. मग रंग. ते रंग कंपनीने ठरवलेले असतात, मेनूत जाऊन लालचा निळा करता येतो. नारिंगी बोल्ट तापलेला नसतो, तो बोल्ट नारिंगी रंगवलेला असतो.

हे मला कळत होतं म्हणून मी शहाणा, असा माझा समज. आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट, एका कारखान्यात (नाव नको) नवीन पॅनल, नवीन तांब्याचे बसबार, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्या, आरशासारखे चकचकीत. अ‍ॅक्रिलिकचं कव्हर काढून घेतलं, कारण अ‍ॅक्रिलिक किंवा काच मधे असली की थर्मल कॅमेऱ्याला पुढचं काहीच दिसत नाही, खिडकीकडे रोखला तर काचेत तुमचंच भूत दिसतं. (काळी कचऱ्याची पिशवी मात्र आरपार. पिशवीत हात घाला, बोटं मोजता येतात. पोरांना दाखवा, पोरं बेहद्द खूश होतात.) तर बसबारवर कॅमेरा धरला, आकडा आला ४३ डिग्री, आजूबाजूचं सगळं जवळपास तेवढंच, रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलं, चहा घेतला, निघालो.

तीन आठवड्यांनी तोच जॉइंट जळला. कोणाला काही झालं नाही, अर्धा दिवस लाइन बंद, पण फोनवर मी जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि ते सगळं माझ्या वाट्याचंच होतं. आमचे सीनियर, रिटायरमेंटला आलेले, मला एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी शटडाउन घेतला आणि शेजारच्या तशाच बसबारवर त्यांनी काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवला. पॅनल चालू करून लोड आल्यावर म्हणाले, आता बघ. उघड्या तांब्यावर ४१, टेपवर ७८. एकाच पट्टीवर, दोन इंचांच्या अंतरात.

चकचकीत तांबं तापलं तरी आपली उष्णता किरणांनी फार कमी सोडतं. समोरच्याची परतवतं मात्र पुष्कळ. मी जे ४३ वाचले होते ते तांब्याचे कमी आणि भिंतीचे, छताचे, माझ्या स्वतःच्या शर्टाचे जास्त होते. टेप तसं करत नाही, जेवढं तापमान तेवढं बोलते. पुस्तकात याला एमिसिव्हिटी म्हणतात, परीक्षेत मला त्यावर पूर्ण मार्क होते. दुभाषा खोटं बोलला नव्हता हो, त्याने भलत्याचंच बोलणं मला प्रामाणिकपणे ऐकवलं होतं. तेव्हापासून माझ्या खिशात टेपचं रीळ असतं, कपड्यांबरोबर दोनदा वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आलंय.

चाकणहून पुढे नाशिक हायवेने नारायणगावला गेलं की खोडदच्या आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे ३० मोठाले अँटेना आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाचा, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी उभारलेले. तेही आभाळातला प्रकाशच गोळा करतात, फक्त इतका लांब लाटेचा की त्यासाठी आरसा पण जाळीचा चालतो, भोकांतून काही गळत नाही. कामावरून येताना कधी वेळ असेल तर मी तिकडे गाडी वळवतो. काही करत नाही, लांबून बघतो, मिसळ खातो, परत येतो.

यानंतरचं लिहू की नको असं झालं होतं. २०२१ चा एप्रिल, कोविडची दुसरी लाट. नाना घरातल्या मागच्या खोलीत, बेड कुठेच नव्हता, आणि आमचं सगळं जग त्या बोटाला लावायच्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर येऊन थांबलेलं. ९४. ९३. परत ९४. दर अर्ध्या तासाने. डॉक्टरांनी सांगितलेलं की ९० च्या खाली गेलं की फोन करा, आणि फोन करून काय होणार होतं ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

रात्री तीन वाजता, काही सुचत नव्हतं म्हणून, मी फोनचा सेल्फी कॅमेरा त्या उघड्या चिमट्यासमोर धरला. डोळ्याला आत एकच लाल दिवा दिसतो. कॅमेऱ्यात शेजारी दुसरा दिसला, फिकट जांभळा, टीव्हीच्या रिमोटचा दिसतो ना तसाच. (मागच्या कॅमेऱ्याला बहुतेक फोनमध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, पुढच्याला बऱ्याचदा तितका कडक नसतो. रिमोट समोर धरून बटण दाबून बघा.) आणि रिमोटचा म्हणजे अगदी त्याच लांबीच्या लाटेचा, ९४० नॅनोमीटरच्या आसपास. एक लाल, ६६० चा, आणि एक न दिसणारा. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल उजेड जास्त जाऊ देतं आणि इन्फ्रारेड जास्त अडवतं, ऑक्सिजन सोडलेलं बरोबर उलट. दोन दिवे आलटून पालटून बोटातून पाठवायचे आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला दोन्हींत किती फरक पडतो त्याचं गुणोत्तर काढायचं. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती काढली. नाडीचे ठोके त्यांच्या दुसऱ्याच एका मोजमापात लुडबूड करत होते, ते घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं की ही लुडबूडच कामाची आहे. एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग त्यांचं यंत्र मेडिकलच्या दुकानात शोधत असताना, ते वारले.

मला हे सगळं माहीत होतं आणि त्याने मला त्या रात्री धीर आला, खोटं कशाला बोलू. निदान एक गोष्ट तरी घरात अशी होती जिचं काम कसं चालतं ते मला समजत होतं. नाना वाचले, अजून मला पेपर वाचून दाखवतात. मग काही महिन्यांनी माझ्या वाचनात आलं की २०२० च्या डिसेंबरमध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं, की काळ्या कातडीच्या पेशंटमध्ये खरा ऑक्सिजन घसरलेला असूनही चिमटा ठीक आहे म्हणतो, असं गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा होतं. कातडीचा रंगही वाटेत उजेड पितो. नाना चांगले सावळे आहेत. त्या ९३ मधले किती नानांचे आणि किती कातडीचे, देव जाणे. परत चकचकीत बसबार. आणि यावेळी बोटावर काळी टेप चिकटवायची सोय नाही.

तर त्या विंचवांच्या रात्री हे सगळं डोक्यात फिरत होतं, पारा, चांदीचं मीठ, ७६,८०० रेझिस्टर, चिमटा, विंचू, आणि मग कुठून कोण जाणे पण कुडाळ स्टँडजवळची एक खानावळ आठवली.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी शाळेत असताना झालं, तालुक्याच्या नेत्रशिबिरात. तेव्हा डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि आत दुसरं काही बसवायचे नाहीत, बाहेरून सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा द्यायचे. त्या चष्म्यातून तिचे डोळे एवढे मोठे दिसायचे की आम्ही हसायचो. तर तिला घेऊन आम्ही त्या खानावळीत जेवायला बसलो, ९६-९७ साल असेल, आणि भिंतीवर ते माश्या मारायचं यंत्र होतं, निळसर नळ्यांचं, नवीनच आलं होतं तेव्हा. आम्हाला त्या नळ्या मंद जांभळ्या दिसत होत्या. आजीने पदर डोळ्यांवर घेतला. म्हणाली, "केवढो उजेड तो! त्येंका सांग, ह्यो दिवो बंद करूक." काका म्हणाला, अगे तो दिवो नाय, माशये मारूचा मशीन आसा. ती म्हणे, "माका काय आंधळा समाजलंस?" आम्ही सगळे हसलो. शेवटी तिला पाठ करून बसवलं आणि पुढची कितीतरी वर्षं, गणपतीत सगळे जमले की, आजीच्या उजेडाची नक्कल व्हायची. मी सगळ्यात छान करायचो.

डोळ्याच्या मागचा पडदा अल्ट्राव्हायोलेटला अगदीच आंधळा नसतो. आपलं भिंग ते वाटेतच अडवतं, साधारण ४०० नॅनोमीटरच्या खालचं आत जाऊच देत नाही, एरवी चांगलंच करतं. पण ज्याचं भिंग काढून टाकलंय त्याच्या पडद्यापर्यंत ते पोचतं, आणि अशा माणसांना ते निळसर पांढरं दिसतं. क्लोद मोने या चित्रकाराचं १९२३ मध्ये असंच ऑपरेशन झालं आणि नंतर सगळं निळं दिसतं अशी त्याची तक्रार होती, त्याच्यावर लोकांनी ढिगाने लिहिलंय. माश्यांच्या यंत्रातल्या नळ्या ३६५ च्या आसपासच्या असतात. माशीला तो उजेड झगझगीत दिसतो म्हणून तर ती येते.

म्हणजे त्या खानावळीत तो दिवा खरा कसा आहे ते दोघांनाच दिसत होतं, माशीला आणि आजीला.

आजी २००३ मध्ये गेली. सकाळी उठून मी आईला विचारलं तिचा चष्मा कुठे आहे. आई म्हणाली, टाकणार कुठे, फडताळात असेल. होता. एक दांडी दोऱ्याने बांधलेली, काचा धुरकटलेल्या, पण खऱ्या काचेच्या, जड. माझी एक शंका होती. समजा त्या जाड काचेनेच अल्ट्राव्हायोलेट अडवलं असेल तर माझी सगळी कहाणी कोसळते आणि आजी नुसतीच कटकट करत होती असं निघतं. मुलगी म्हणाली, मग टॉर्च लावून बघू की.

रात्री परत गडग्यावर गेलो. एक चांगला मोठा विंचू मोक्याच्या जागी बसलेला, साध्या बॅटरीत दिसतही नव्हता. आधी मी माझा चष्मा काढून टॉर्चपुढे धरला, पॉलीकार्बोनेटचा, यूव्ही प्रोटेक्शनवाला, महागाचा. विंचू विझला. चष्मा बाजूला केला, पेटला. परत धरला, विझला. मग मुलीने आजीचा चष्मा दोन्ही हातांनी धरून टॉर्चच्या तोंडाशी आणला. त्या जाड भिंगाने सगळा उजेड आधी एका ठिपक्यात गोळा केला, मग तो पुढे पसरला, आणि गडग्याचा तो भाग, तो विंचू, आणि त्याच्या खालच्या फटीतला दुसरा, जो आम्ही तोवर बघितलाच नव्हता, असे दोघेही लख्ख हिरवे.

"बाबा, पणजीच्या चष्म्यातून जातंय," मुलगी म्हणाली, "तुझ्याच्यातून नाही."

पडवीतून आई ओरडत होती की चपला झटकल्याशिवाय घालू नका. वरचा विंचू कंटाळला असावा, तो सावकाश वळून फटीत गेला, आणि नांगी तेवढी थोडा वेळ बाहेर राहिली.